खोट्या तळाचा पेन ड्राइव्ह

"पेन ड्राइव्ह मी आणतो," असं मी म्हणालो. या सगळ्या प्रकरणात माझा पुढाकार काय तो एवढाच. त्यानंतर जे झालं ते मी केलं नाही; पडसं होतं तसं ते मला झालं.

माझी बायको शाळेत चित्रकला शिकवते आणि उरलेल्या वेळात स्वतःची चित्रं काढते. नोकरी आणि घर सांभाळणाऱ्या बाईला उरलेला वेळ म्हणजे काय, हे विचारू नये. तो उरत नाही, चोरावा लागतो. असा वेळ चोरून चोरून तिनं लहान मुलांसाठी एक पुस्तक केलं होतं. पाण्याला घाबरणाऱ्या एका होडीची गोष्ट. चाळीस पानं, सगळी चित्रांची. रेषा कागदावर, रंग कॉम्प्युटरवर. एक छापखानेवाले ते छापायला तयार झाले होते आणि त्यांनी यंत्राची एक मोकळी पाळी आमच्यासाठी राखून ठेवली होती. ती हुकली तर पुढे शाळांच्या वह्यापुस्तकांचा हंगाम. मग होडी कधी पाण्यात उतरणार ते कुणीच सांगू शकत नव्हतं.

"मेलवर पाठवते," बायकोनं त्यांना फोनवर सांगितलं.

"ताई, एवढं जड आमच्या मेलला पेलत नाही. पेन ड्राइव्हमध्ये घालून आणा. आणि जरा लवकर."

त्यात आमच्या घरच्या कॉम्प्युटरचं उतारवय. सुरू केला की तो आधी खोकतो, मग पंखा घरघरतो, मग बराच वेळ आपण कोण, कुठले याचा विचार करत बसतो. बायकोची सगळी मेहनत या म्हाताऱ्याच्या छातीत होती. ती आणखी कुठंतरी ठेवावी असं ती बरेच दिवस म्हणत होती. तेव्हा पेन ड्राइव्ह ही घराची निकड होती आणि मी घरचा कर्ता पुरुष होतो. निदान शिधापत्रिकेवर तरी.

मी विमा कंपनीत दावे तपासतो. लोकांनी काय काळजी घ्यायला हवी होती आणि ती कशी घेतली नाही, हे त्यांना सभ्य भाषेत कळवणं हे माझं काम. त्यामुळे खरेदीच्या बाबतीत माझा स्वतःवर बराच विश्वास आहे. तरीपण चार लोकांना विचारावं म्हणून जिन्यात समोरच्या काकांना विचारलं. काका बँकेतून निवृत्त झालेत आणि तेव्हापासून सहली करतात.

"कुठलाही घ्या हो," काका म्हणाले. "माझा एक पॅन्टच्या खिशातून धुलाईच्या मशीनमध्ये गेला. धुतला, पिळला, वाळला. अजून चालतोय. उलट आधीपेक्षा स्वच्छ चालतोय."

वरच्या वहिनी तेवढ्यात जिना उतरत होत्या. त्या घरी बसून कुठल्याशा कंपनीचं कॉम्प्युटरचं काम करतात. "घ्याल तो चांगल्या कंपनीचा घ्या," त्या म्हणाल्या, "आणि ओळखीच्या दुकानातून घ्या." मला हा सल्ला फार साधा वाटला. जो सल्ला ऐकून आपल्याला नवीन काहीच कळत नाही, तो आपण पाळत नाही.

दुकानदारानं मला बघितलं आणि विचारलं, "स्वस्तातला दाखवू की चांगला?"

हा प्रश्न सभ्य माणसाला विचारू नये. "स्वस्तातला" म्हणावं तर आपली लायकी चारचौघांत उघडी पडते आणि "चांगला" म्हणावं तर खिसा. मी म्हणालो, "वाजवी दाखवा."

त्यानं काउंटरवर दोन ठेवले. एक काळा, कंपनीचा, चौसष्ट गीगाबाईटचा. दिसायला असा की हरवला तर रडू येणार नाही. दुसरा सोनेरी, चकचकीत, मखमली डबीत बसलेला, आणि त्यावर लिहिलेलं: दोन टेराबाईट. म्हणजे काळ्याच्या तीसपट जागा. आणि किंमत काळ्याच्या एक तृतीयांश.

"असं कसं?" मी विचारलं.

"ऑफर आहे," दुकानदार म्हणाला.

या एका शब्दापुढे भल्याभल्यांची बुद्धी कान पाडून बसते. काळ्यापेक्षा हा स्वस्त, मोठा आणि सोनेरी. मी मनातल्या मनात दोन्ही पारडी जोखली आणि सोनेरी घेऊन, आपण दुकानदाराला फसवल्याच्या आनंदात घरी आलो.

घरी बाबा होते. बाबा म्हणजे माझे सासरे. सासूबाई गेल्यापासून ते आमच्याकडे राहतात. आयुष्यभर ते वजनमापं खात्यात निरीक्षक होते. तराजू, मीटरपट्ट्या, दुधाची मापं, पेट्रोल पंपांच्या नळ्या, सगळं त्यांच्या हाताखालून गेलेलं. त्यांच्या दृष्टीनं जगात दोनच प्रकारच्या वस्तू असतात: तपासलेल्या आणि न तपासलेल्या. मी दुसऱ्या प्रकारात होतो. लग्न ठरवताना आमच्याकडून माझी उंची पाच फूट आठ इंच कळवली होती. बाबांनी बोलता बोलता मला दाराच्या चौकटीला टेकून उभं केलं आणि घरी जाऊन माझ्या बायकोला, म्हणजे तेव्हा फक्त आपल्या मुलीला, सांगितलं, "माणूस बरा वाटतो. दीड इंच कमी भरला."

तर बाबांनी डबी उघडली, सोनेरी वस्तू तळहातावर घेतली आणि विचारलं, "जावईबापू, मोजून घेतलात?"

"बाबा, याच्यात मोजण्यासारखं काय आहे? त्याच्यावर लिहिलंय."

"लिहिलेलं असतंच. मी पस्तीस वर्षं लिहिलेलंच तपासत होतो." मग त्यांनी किती टेरा, म्हणजे किती गीगा, दुसरा किती, त्याची किंमत काय, हे सगळं शांतपणे विचारून घेतलं. "म्हणजे माल तीसपट आणि किंमत तिसरा हिस्सा. तुम्ही विमा कंपनीत ना? असा दावा तुमच्या टेबलावर आला तर काय कराल?"

"फेटाळीन," मी म्हणालो. खरं बोलायची सवय नडते ती अशी.

"तुमचं म्हणणं महाग घ्यायला हवा होता?" मी जरा दुखावल्या आवाजात विचारलं.

"छे! महाग-स्वस्त याच्याशी मला कर्तव्य नाही. किंमत दुकानदारानं ठरवावी, परवडते का ते आपण ठरवावं. माप मात्र कुणी ठरवायचं नसतं. ते असतं किंवा नसतं."

"मग आता हे कसं मोजणार?"

"भरून. काठोकाठ भरायचं आणि भरलेलं सगळं परत निघतं का ते बघायचं. चित्रं तोपर्यंत यात जाणार नाहीत."

बायकोनं माझ्याकडे बघून खांदे उडवले. लहानपणी तिची कंपासपेटीतली पट्टीसुद्धा आधी तपासून मगच शाळेत गेली होती. बाबांना अडवायचं नसतं, हे तिला माहीत होतं.

आता एवढा मोठा पेन ड्राइव्ह भरायचा कशानं? आमच्या घरात एवढा ऐवज नाही. ही बातमी जिन्यात पोहोचली आणि समोरचे काका धावत आले. त्यांच्याकडे त्यांच्या सगळ्या सहलींची चित्रीकरणं होती. डोंगर, धबधबे, किल्ले, विमानतळ, हॉटेलातला नळ, आणि या सर्वांसमोर उभे राहून हात हलवणारे काका. "आजवर कुणी पूर्ण पाहिलेलं नाही," ते म्हणाले.

काकांच्या सहली आधी आमच्या कॉम्प्युटरमध्ये उतरल्या आणि मग तिथून मखमली डबीतल्या त्या सोनेरी पाहुण्याकडे जाऊ लागल्या. एकदा, पुन्हा एकदा, पुन्हा पुन्हा. कॉम्प्युटर तापला. त्याच्यासाठी आम्ही झोपायच्या खोलीतला टेबलफॅन बाहेर आणला आणि स्वतः वहीनं वारा घेत झोपलो. कॉम्प्युटरला हात लावायला घरात सगळ्यांना बंदी. मी वीजबिल भरायला बसलो तर बाबा म्हणाले, "चाचणी चालू आहे." असा आवाज मी फक्त शस्त्रक्रियेच्या खोलीबाहेर ऐकला आहे.

भरणं पुरतं आटोपलंही नव्हतं, तोवर बाबांनी बघायला सुरुवात केली. पहिल्यापासून. खुर्ची ओढून, पाठ ताठ ठेवून, प्रत्येक सहल अथपासून इतिपर्यंत. शेजारी काका, स्पष्टीकरण द्यायला. मी ऑफिसला जाताना काका एका धबधब्यासमोर हात हलवत होते आणि परत आलो तेव्हा दुसऱ्या धबधब्यासमोर. आता मला थट्टा सुचते आहे, पण त्यावेळी मनात येऊन गेलं की एवढ्या निष्ठेनं मी माझ्या आयुष्यात काहीही बघितलेलं नाही. ती वस्तू त्यांची नव्हती, पुस्तक त्यांचं नव्हतं, आणि काकांच्या सहलींत त्यांना काडीचा रस नव्हता. लेकीची वर्षभराची मेहनत एका न तपासलेल्या भांड्यात ओतली जाऊ नये, एवढ्यासाठी तो माणूस बसला होता.

पण मोठेपणा दुरून कळतो. जवळून तो गैरसोयीचा असतो. तिकडे छापखान्यातून फोन येऊ लागले.

"ताई, छपाईची पाळी जवळ आली."

"हो, आमची तपासणी चालू आहे," बायको म्हणायची.

"कसली?"

"ते... मापाची."

छापखानेवाल्यांना ते शुद्धलेखनाचं काहीतरी वाटलं असावं. ते बरं म्हणाले.

एके दिवशी सकाळी बाबा मला म्हणाले, "जावईबापू, इकडे या. काकांचे पाय हिरवे झालेत."

पाहिलं तर खरंच. काका किल्ल्यासमोर उभे होते आणि गुडघ्याखाली त्यांचे हिरवे चौकोन झाले होते. "कॅमेऱ्याचा दोष असेल," मी म्हणालो. काका म्हणाले, "नाही हो, त्या दिवशी पाय चांगले होते." बाबांनी फक्त खुर्ची आणखी पुढे ओढली.

त्या दिवशी मला सुट्टी होती. दुपारी बाबांचा डोळा लागला, काका जेवायला गेले, बायको शाळेत होती आणि छापखानेवाल्यांचा फोन मी घेतला. "आज आणलंत तरच," ते म्हणाले. मी त्या सोनेरी वस्तूकडे बघितलं. माझी खरेदी, माझ्याच घरात, आठवडाभर आरोपीच्या पिंजऱ्यात. म्हटलं, पुरे. एका झटक्यात सगळ्यांना दाखवून देऊ.

काकांच्या सहलींनी कॉम्प्युटर तुडुंब झाला होता आणि जागा संपत आल्याचा टाहो पडद्यावर फोडत होता. तेव्हा चित्रांची नुसती प्रत काढण्याऐवजी मी ती सरळ इकडून तिकडे हलवली. म्हटलं, म्हाताऱ्याचाही भार हलका होईल. कॉम्प्युटर बंद केला, पेन ड्राइव्ह मखमली डबीत घातला आणि पाय न वाजवता घराबाहेर पडलो.

छापखान्याच्या मालकांनी पेन ड्राइव्ह त्यांच्या कॉम्प्युटरला लावला. यादी आली. चाळीसच्या चाळीस नावं शिस्तीत उभी. मी छाती पुढे काढली. त्यांनी पहिलं पान उघडलं. वर थोडंसं आकाश, खाली सगळं करडं. दुसरं पान, पूर्ण करडं. तिसरं उघडलंच नाही.

"धुक्याची गोष्ट आहे का?" मालकांनी नम्रपणे विचारलं.

"होडीची," मी म्हणालो.

"होडी कुठंय?"

एकामागून एक चाळीस वेळा आम्ही होडी शोधली. मालक भला माणूस. ते म्हणाले, "असू द्या, घरी मूळ असेल ना? परवा दुपारपर्यंत थांबतो." घरी मूळ असेल ना! मी मूळ हलवलं होतं.

घरी पोहोचलो तेव्हा बायको शाळेतून येऊन चपला काढत होती आणि बाबा रिकाम्या खुर्चीसमोर उभे होते. मी सगळं सांगितलं. सांगताना मी "तांत्रिक अडचण" हा शब्द दोनदा वापरला. सवयीनं.

बायको खाली बसली. रडेल, ओरडेल, वस्तू फेकेल अशी मनाची तयारी मी येताना बसमध्ये केली होती. तिनं फक्त विचारलं, "हलवल्यानंतर कॉम्प्युटर बंद केलास?"

"हो."

"परत कुणी सुरू केला?"

"नाही," बाबा म्हणाले. "पेन ड्राइव्हच जागेवर नव्हता."

"मग आता कुणी हात लावू नका. पुसलं गेलंय त्याच्यावर आणखी काही ओढायचं नसतं. एवढं कागदावर काम करणाऱ्या कुणालाही कळतं." आणि पायात परत चपला अडकवून ती वरच्या वहिनींकडे गेलीसुद्धा.

मी चौदा वर्षं लोकांच्या नुकसानीचे अर्ज वाचतो आहे. नुकसान झाल्यावर पहिल्या मिनिटात माणूस काय करतो ते मला माहीत आहे. तो दोषी शोधतो. इथे दोषी समोर उभा होता, पत्ता शोधायचीही गरज नव्हती, आणि या बाईनं त्याच्यावर एक मिनिटसुद्धा खर्च केलं नाही.

वहिनी खाली आल्या. त्यांनी बायकोच्या पाठीवर थाप मारली. "तुझं बरोबर आहे. हलवलेलं लगेच जात नाही, फक्त नाव पुसलं जातं. वर दुसरं काही लिहिलं गेलं नसेल तर बरंचसं काढता येतं. पण काढलेलं ठेवायला दुसरी जागा हवी, या कॉम्प्युटरमध्ये नाही. माझं मशीन ऑफिसचं आहे. त्यात घरचं काही ठेवलं तर मलाच कायमचं घरी ठेवतील. एक चांगला पेन ड्राइव्ह आणा." मग माझ्याकडे बघून त्या म्हणाल्या, "चांगला."

बाबांनी तोवर सोनेरी पेन ड्राइव्ह हातात घेतला होता. मला वाटलं, आता ऐकावं लागणार. पण त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. जुना मित्र भेटावा तसे ते त्याच्याकडे बघत होते.

"खोटा तळ," ते म्हणाले. "माझ्या पहिल्या वर्षी एका दूधवाल्याकडे असं माप पकडलं होतं. बाहेरून लिटरचं, आत बोटभर वर दुसरा पत्रा ठोकलेला. वरून बघितलं की काठोकाठ भरलेलं. यानं तर त्याच्यावर कडी केली. पुढचं ओतलं की मागचं गुपचूप सांडून टाकतो आणि वर भरल्याचं सांगतो. वा! चला जावईबापू, दुकानात."

दुकानात तोच दुकानदार, आणि त्याच्यामागे खिळ्याला सोनेरी डब्यांची माळ. बाबांनी पेन ड्राइव्ह काउंटरवर ठेवला. "यात दोन टेरा मावत नाही. मी भरून पाहिलं."

"पूर्ण भरलात?" दुकानदार हबकला. त्याच्या धंद्यात हे आजवर कुणी केलं नसावं.

"पूर्ण भरूच शकलो नाही, हीच तर तक्रार."

"आजोबा, तुम्ही कोण? खात्यातले का?"

"होतो. निवृत्त झालो."

दुकानदाराच्या खांद्यावरचं ओझं उतरलं. "मग आता कोण?"

"आता गिऱ्हाईक," बाबा म्हणाले. "खात्यात असताना माझ्यावर साहेब होते, त्यांच्यावर आणखी साहेब होते. गिऱ्हाइकाला साहेब नसतो."

मी दोन पावलं मागे होतो, पण तिथेच माझी दीड इंच उंची वाढली असावी. दुकानदार बदलून देतो म्हणाला, पैसे परत देतो म्हणाला, तो कुठल्या व्यापाऱ्याकडून माल घेतो ते सांगू लागला. बाबा म्हणाले, "ते होईल सावकाश. आधी एक सांगा. तुमच्या घरातले फोटो, हिशेब, तुम्ही कशात ठेवता?"

तो जरा घुटमळला. मग गल्ल्याच्या खणातून त्यानं एक काढला. काळा, कंपनीचा, कडा झिजलेला. मी त्या दिवशी ज्याच्याकडे नाक मुरडलं होतं, त्याचाच भाऊ.

"असाच नवा द्या," बाबा म्हणाले. किंमत त्यांनी विचारलीच नाही, आणि पैसे मी दिले. सोनेरी मात्र त्यांनी परत केला नाही. "हा मला लागेल," म्हणून खिशात टाकला. आणि नवा हातात आल्यावरही ते तिथून हलेनात. नुसते त्या सोनेरी माळेकडे बघत उभे राहिले. पाठीमागे गिऱ्हाइकांची रांग लागली. शेवटी दुकानदारानं स्टूल घेतलं, वर चढला आणि माळ उतरवून खाली ठेवली. मग बाबा म्हणाले, "चला."

घरी वहिनी वाट बघत होत्या. जुन्या सीडीवरून त्यांनी कॉम्प्युटर वेगळ्याच पद्धतीनं जागा केला होता. नवा काळा पेन ड्राइव्ह लावला आणि पडद्यावर त्याची जागा दिसली. बाबा पुढे वाकले.

"थांबा. चौसष्ट लिहिलंय. हा एकोणसाठ आणि काहीतरी दाखवतोय."

"बाबा!" बायको पहिल्यांदाच जरा मोठ्यानं म्हणाली.

"अगं पण पाच कमी आहेत!"

वहिनींनी हसू दाबलं. "बाबा, कमी नाहीत. कंपनी हजाराला हजार धरते. कॉम्प्युटर हजाराला एक हजार चोवीस धरतो. त्यानं मोठ्या मापानं मोजलं म्हणून आकडा लहान आला. जागा तेवढीच आहे."

बाबा विचारात पडले. एका बाजूला चाळीस पानं अधांतरी आणि दुसऱ्या बाजूला वजनमापांचा कायदा. शेवटी ते म्हणाले, "म्हणजे कंपनी प्रामाणिक आहे. तराजूच जड आहे." आणि आमच्या खोकणाऱ्या कॉम्प्युटरकडे त्यांनी असं बघितलं की तो पकडला गेल्यासारखा गप्प झाला. "चालू करा."

वहिनी काम करत होत्या आणि बायको त्यांच्या शेजारी स्टुलावर. चित्रं एकेक करून येऊ लागली. नावं गेलेली, नुसते आकडे. उघडलं की कळायचं. होडी किनाऱ्यावर. होडी डोळे मिटून. होडीवर बसलेला बेडूक, तिची समजूत घालणारा. प्रत्येक चित्र आलं की बायको फक्त "हं" म्हणायची. मी स्वयंपाकघरात चहा करत होतो. कुणी मागितला नव्हता, पण मला तिथे उभं राहवत नव्हतं. कपात साखर दोनदा घातली की तीनदा ते कळलं नाही. काकाही येऊन दाराशी उभे राहिले. आपल्या उरलेल्या सहली आता कोण बघणार, हे त्यांनी विचारलं नाही. मोठा माणूस.

चाळीसपैकी एक आलं नाही. होडी पहिल्यांदा मोठ्या तळ्यात शिरते ते पान. वहिनींनी पुन्हा पुन्हा धुंडाळलं. नाहीच.

"असू दे," बायको म्हणाली. "कागदावर रेषा आहेत माझ्याकडे. रंग परत भरते. तसंही ते पान जरा भित्रं झालं होतं."

दुसऱ्या दिवशी तिनं शाळेतून रजा घेतली आणि सकाळभर ते तळं रंगवलं. मी अधूनमधून डोकावलो. एकदाही तिनं माझ्याकडे रागानं बघितलं नाही. एकदा म्हणाली, "जरा हातातला तो कप बाजूला ठेव, सावली पडते." मी या बाईशी लग्न केलं आहे ही गोष्ट मला अधूनमधून कुणीतरी लेखी कळवत जावी, इतकी ती मला अजूनही खरी वाटत नाही. छापखान्यात पेन ड्राइव्ह तिनं स्वतः नेऊन दिला. मला कुणी पाठवलं नाही, आणि मीही आग्रह धरला नाही.

बाबा सोनेरी पेन ड्राइव्ह घेऊन आपल्या जुन्या कार्यालयात गेले. मला बरोबर नेलं, पीडित म्हणून. तिथले तरुण अधिकारी फार आदरानं वागले. खुर्ची दिली, पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "सर, तक्रार रास्त आहे. पण कुठल्या रकान्यात घेऊ? आमच्याकडे वजन, लांबी आणि द्रवाचं माप आहे. गीगाबाईट कशात बसतं?"

"भरता येतं, सांडतं," बाबा म्हणाले. "तूर्त द्रवात धरा."

अधिकाऱ्यांनी खरंच द्रवात धरलं. दोन आठवड्यांनी उत्तर आलं: आपण पाठवलेल्या नमुन्यात कोणताही द्रव आढळला नाही. मी हसलो. बाबा हसले नाहीत. त्यांनी वर अपील केलं आहे, आणि नवीन रकाना कसा असावा याचं टिपणही सोबत जोडलं आहे. तो रकाना एक दिवस निघणार, याविषयी माझ्या मनात शंका नाही.

पुस्तक छापून येईपर्यंत मध्ये एक वेगळंच काम निघालं. बाबांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. "अक्षर दिसतंय, बास झालं," म्हणून ते टाळत होते. त्या आठवड्यात बायकोनं त्यांना हाताला धरून नेलं आणि एका डोळ्याचं करून घेतलं. पट्टी निघाली, थेंब घालणं चालू होतं, त्याच सुमाराला छापखान्यातून गठ्ठा आला.

बायकोनं दोरी सोडली आणि पहिली प्रत बाबांच्या हातात दिली. तिच्या चेहऱ्यावर मोठी अपेक्षा नव्हती. तिच्या चित्रांवर बाबांचं एकच मत ती बरीच वर्षं ऐकत आली होती. रेषा चोख आहे, रंग मात्र मळकट लावतेस. पहिल्यांदा ती भांडायची. मग तिनं सोडून दिलं.

बाबा पानं उलटू लागले. तपासतात तसंच, सावकाश, एकही न गाळता. मोठ्या तळ्याच्या पानावर आले आणि थांबले. एक डोळा हातानं झाकला आणि बघितलं. मग दुसरा झाकला आणि बघितलं. पुन्हा पहिला. असं त्यांनी इतक्या वेळा केलं की बायको घाबरून म्हणाली, "बाबा, दुखतंय का?"

"हा निळा," ते म्हणाले, "एवढा निळा आहे?"

"हो."

"आणि आधीची चित्रं? शाळेसाठी काढलेली? ती भिंतीवरची?"

"तीही अशीच होती, बाबा."

बाबांनी पुस्तक मिटलं नाही. ते तसंच मांडीवर उघडं राहिलं, तळ्यावर त्यांचा तळहात.

"माझंच माप कमी भरत होतं गं," ते म्हणाले. "इतकी वर्षं तुला कमी मोजलं."

बायको त्यांच्या खुर्चीशेजारी जमिनीवर बसली आणि पुस्तकाचं पहिलं पान तिनं पुन्हा उघडून दिलं. बाबांनी मोतीबिंदू राहिलेला डोळा झाकून घेतला आणि अगदी सुरुवातीपासून बघायला लागले.